बदामाचा एक्का

अर्धांगवायूनंतर धाकट्या भावाचा उजवा हात थरथरतो. एके काळी याच हाताने तो घरच्या कार्यांत पत्त्यांची जादू करीत असे. तो हात परत मिळावा म्हणून रोज माझ्या जपाच्या वेळी तो समोर बसतो, बदामाचा एक्का कॅटच्या मधोमध सारतो आणि कोणाच्या लक्षात न येता वर आणू पाहतो. पत्ते सांडतात, तो ते पुन्हा गोळा करतो.

"किती वेळा रे हे?" मी विचारले.

"दादा, तू माळ किती वेळा ओढलीस?"

आज त्याने वरचा पत्ता उलटला. बदामाचा एक्का! माझी दृष्टी त्याच्या बोटांवरच होती, तरी काही दिसले नाही. साधना पूर्णत्वास गेली की दिसेनाशी होते, असे मी शिष्यांना सांगत आलो. पाहिले मात्र आज.

माझा जप मोडला होता. मी माळ पहिल्या मण्यापासून पुन्हा धरली.