पहिला गोळा रेंज बघायला

हॉस्पिटलात दिवस संपता संपत नाहीत, किस्से मात्र कधी साठतात ते कळतही नाही. मी मुळात कमी बोलणारा. आठवीत शाळा सोडून अंबडच्या कारखान्यात लेथवर लागलो. तिथे मशीनच एवढं बोलतं की माणसाला तोंड उघडावं लागत नाही! पण तुम्ही विचारता, "आत काय काय झालं, सांग ना," तेव्हा आजाराआधी मला ती माणसंच आठवतात.

*

मला ब्लड कॅन्सर होता. किमोने गेला आणि वर्षाच्या आत परत आला. आता ट्रान्सप्लांट हाच रस्ता होता. म्हणजे हाडांतला जुना मगज, जिथे रक्त तयार होतं, तो आधी जाळून टाकायचा आणि मग दुसऱ्याच्या स्टेम सेल्स द्यायच्या.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सगळ्या अंगाला रेडिएशन देण्यापेक्षा रेडिएशन घेऊन थेट मगजात जाणारं एक औषध आम्ही तपासून बघतोय. खात्री नाही. 'नाही' म्हणालास तरी नेहमीचे उपचार मिळतीलच."

सहीचा कागद सहा पानांचा. मी ओळीवर बोट ठेवून वाचत होतो. तास गेला, मॅडम बसून राहिल्या.

शेवटी मी कसंबसं म्हणालो, "मॅडम, मी परीक्षेच्या भीतीनेच शाळा सोडली होती."

"अरे, परीक्षा औषधाची आहे. तू फक्त पेपर आहेस!"

मी सही केली.

*

शेजारच्या कॉटवर देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड हवालदार होते. आयुष्य तोफखान्यात गेलेलं. आजार माझाच, सहीही माझ्याच दिवशी केलेली.

औषधाचा आधी एक छोटा डोस देणार होते. मग स्कॅन करून ते कुठे जाऊन बसलं ते बघणार. मगजात बसलं तर मोठा डोस. लिव्हरमध्ये जास्त गेलं तर बंद, त्या माणसाला चाचणीतून काढायचं. मला रात्रंदिवस तीच धास्ती.

हवालदारकाका म्हणाले, "घाबरतो कशाला? पहिला गोळा फक्त रेंज बघायला असतो. पुढे टेकडीवर आमचा माणूस दुर्बीण घेऊन बसतो. कुठे पडला ते वायरलेसवर कळवतो. मग तोफ सरकवायची आणि मग खरा मारा."

तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या. काका पडल्या पडल्या कडक आवाजात म्हणाले, "मॅडम, टेकडीवर तुम्हीच का?"

*

आम्ही चार भावंडं. सेल्ससाठी त्यातल्या ताईचंच माझ्याशी मॅच झालं. लहानपणी आमचं एक दिवसही पटलं नाही, आणि रक्त हिचंच! ताई मखमलाबादची, शेवंती-झेंडू लावते आणि बाजारात विकते.

वॉर्डात फुलांना बंदी. पहिल्याच दिवशी सिस्टरनी तिला दारात अडवलं. "फुलं बाहेर ठेवा."

ताईने रिकामे हात पुढे केले. "नाय वो सिस्टर. हा वास हातालाच हाय. तीनदा धुतले."

सिस्टरनी तिला चौथ्यांदा धुवायला लावले.

*

स्कॅनचे रिपोर्ट एकाच दुपारी आले. माझं औषध मगजात बसलं होतं. काकांचं लिव्हरमध्ये गेलं होतं.

मॅडमना सांगणं जड जात होतं. काकाच म्हणाले, "माझा चुकला. पण कुठे पडला ते लिहून घेतलं ना?"

"घेतलंय, काका."

"मग ठीक. चुकलेला गोळासुद्धा कळवावा लागतो. त्यावरच पुढचा सुधारतो."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याशी पत्ते खेळताना चक्क चीटिंग केली आणि जिंकले!

*

मोठ्या डोसनंतर मला शिशाच्या दाराच्या खोलीत ठेवलं. माझ्या अंगातूनच रेडिएशन निघत होतं. जमिनीवर पिवळी पट्टी, भेटायला येणाऱ्याने तिच्या पलीकडे थांबायचं. ते किती उरलं हे मोजायला एक सर रोज मीटर घेऊन यायचे.

काका जुन्या पद्धतीचे उपचार घेत होते, पण भेटीच्या वेळेला चप्पल पट्टीला टेकवून सावधान उभे. "रिपोर्ट?"

मी मीटरचा आकडा सांगायचो. मोठ्याने. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

मी खोलीतून सुटलो, पण सोबत नेलेल्या माझ्या ट्रान्झिस्टरलाही रेडिएशन लागलं होतं, तो तपासणीत अडकला. त्याला माझ्यानंतर दोन आठवड्यांनी डिस्चार्ज मिळाला!

*

ताईला चार तास मशीनला जोडून सेल्स काढल्या. छोटीशी पिशवी भरली. ती बघून ताई नाराज.

"एवढंच? माझा भाऊ हाय तो. वरून मूठभर टाका की! मी गिऱ्हाइकाला टाकते."

*

मला चढवलेल्या ताईच्या सेल्स तीन आठवड्यांनी माझ्या हाडांत रुजल्या. रक्ताचे आकडे चढायला लागले. काका तोवर घरी गेले होते. फिरायची परवानगी मिळाल्यावर पेढे घेऊन मी देवळालीला गेलो.

काकू फाटकातच हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांची औषधं थांबवलीत रे. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही."

काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. अर्धे झाले होते. त्यांच्यासमोर फरशीवर हळदीची एक जाड रेघ ओढलेली.

"पट्टीच्या पलीकडे थांब! रिपोर्ट?"

मी सावधान उभा राहिलो. "निशाण्यावर, काका."

त्यांनी पाय पुढे केला आणि रेघ पुसून टाकली. "ये."

मी शेजारी बसलो. पेढ्याचा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला. तेवढ्यात लांब फायरिंग रेंजवर तोफ धडाडली. मी दचकलो. काका डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिले.

"लांब पडला," ते म्हणाले. "पुढचा बसेल."