टीव्हीवर अडकलेला नंबर

आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात एक सर होते. पुण्यात काही वर्षं काढून सोलापुरात परतले होते आणि परतल्याचे उपकार रोज आमच्यावर चढवत होते. व्हाइटबोर्डवर बाणांचं जाळं काढायचे. बाण जितके जास्त, तितका माणूस हुशार, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी आम्ही टीव्हीवर पेशंटचे नंबर दाखवणारं पान केलं. वर मोठ्या अक्षरांत चालू नंबर, खाली प्रत्येक खोलीचा नंबर, शिवाय नंबर पुकारणारा आवाज. सरांच्या रचनेत या प्रत्येक भागाकडे नंबराची स्वतःची वेगळी प्रत होती. डॉक्टरांनी बटण दाबलं की सगळ्या प्रती एकेक करून बदलायच्या. एखादी राहिली तर राहिली.

दवाखान्यातून तक्रार आली, वरचा मोठा नंबर मध्येच अडकतो. "पान रिफ्रेश करा म्हणावं," सर म्हणाले. "इथल्या लोकांना साधं वापरता येत नाही."

मी बघायला गेले. आवाज कटकटीचा म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनं केव्हाच बंद केला होता. पहिल्या बाकावर मैंदर्गीचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, ते मान खाली घालून बसलेले. आजींनी मला हात केला.

"बाई, बघा की जरा. आमचा अडतीस हाय, आन् तितं कवापासून एकतीसच हाय."

मी रिसेप्शनवर विचारलं. "अडतीस तर केव्हाच गेला," ती मुलगी म्हणाली. "खाली खोलीच्या नंबरात बघायचं ना!"

खालचे आकडे बोटभर उंचीचे. डोळ्यांच्या दवाखान्यात!

आजी घाबरल्या. "नजर न्हाय काडली बघा मी. उटून इचारणार हुते, पर म्हनलं, पडदा बरुबरच असंल की."

"आता यष्टी गावायची न्हाय," आजोबा पुटपुटले.

मी त्यांना थेट डॉक्टरांच्या दारात नेलं आणि चूक आमच्या पानाची आहे, असं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. गाडी त्यांना मिळाली का, ते मला कळलं नाही.

ऑफिसात येऊन मी एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली. एका बैठकीत वाचून होईल एवढाच तिचा कोड. नंबर एकाच जागी ठेवायचा. ज्या भागाला तो हवा, त्यानं त्या जागेवर लक्ष ठेवायचं. नंबर बदलला की लायब्ररी स्वतःच सगळ्यांना कळवते. प्रती नाहीत, त्यामुळे मागे राहण्याचा प्रश्नच नाही. सरांच्या फायलीतला बहुतेक कोड मी पुसून टाकला, आणि पुसताना बरं वाटलं.

"हे कॉलेजच्या पोरांचं खेळणं आहे," सर म्हणाले. "एंटरप्राइझमध्ये असलं चालत नाही."

मोजक्या खाटांच्या दवाखान्याला ते एंटरप्राइझ म्हणत होते.

"सर, मग एकतीस का अडकला होता?"

"ती एज केस आहे. क्वचित कधीतरी होणारी."

"बाकावर बसली होती ती एज केस. मी बोलून आले तिच्याशी."

त्यांनी मार्कर उचलून नवा बाण काढला. मी नवं पान चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन उभी राहिले. वरचा आणि खालचा आकडा एकदम बदलत होता. लोक उठत होते, आत जात होते. टीव्हीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं.

महिन्याच्या मीटिंगला दवाखान्याचे डॉक्टर आले. "आता नीट चालतंय. काय केलंत?" सरांनी त्याच खेळण्याला 'आमचं कोअर इंजिन' म्हणत इंग्रजीत बराच वेळ भाषण दिलं. डॉक्टर शेवटी घड्याळाकडे बघायला लागले. माझा राग तेव्हाच संपला. इतक्या पोकळ माणसावर रागावणंही फुकट, असं वाटलं.

नंतर सरांची मेल आली: इंजिनचं सविस्तर डॉक्युमेंट करा. मी अर्धं पान लिहिलं. त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. 'फार त्रोटक आहे' म्हणून त्यांनी ते परत पाठवलं.

मी तेच अर्धं पान, एक अक्षर न बदलता, पुन्हा पाठवलं.