शनिवारची बाटली

माझ्या वडिलांची हयात एसटीच्या वर्कशॉपात बसच्या इंजिनांचे डिझेल पंप उघडून दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि तिच्यात घर केलं. मागे खाट, बाजूला शेगडी, वर पाण्याची टाकी. हा सगळा खटाटोप आईसाठी होता. लकव्यानंतर तिला बसता येत नव्हतं आणि झोपवून नेता येईल अशी गाडी आमच्या अनसिंग गावात कुणाकडे नव्हती. पोरं त्या गाडीला ‘चालतं घर’ म्हणायची. मी ‘उभं घर’ म्हणायचो, कारण महिन्यातून एकदा ती आईच्या मोठ्या बहिणीकडे आसेगावला जायची आणि बाकी दिवस अंगणात उभी असायची.

उभ्या गाडीचंच वडिलांना जास्त भय होतं. फिरती गाडी बिघडत नाही, उभी बिघडते, असं ते म्हणत. त्यांचा टाकीचा हिशेब ठरलेला होता: गाडी उभी करायची तर टाकी काठोकाठ भरून, कारण टाकीतल्या रिकाम्या जागेत पत्र्याला दव धरतं आणि ते पाणी होऊन तळाशी बसतं. कॅनमधून डिझेल ओतायचं झालं तर कॅन आदल्या दिवशी एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, फडक्यातून गाळायचं आणि तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. आणि दर शनिवारी डिझेल फिल्टरखालचा छोटा नळ उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढायचं. पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं.

ती बाटली ते आईच्या खाटेशी नेत. खिडकीच्या उजेडात धरत. आई मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बघायची आणि म्हणायची, “साफ हाय.” मग ते हात धुवायचे. मला या सगळ्या सोहळ्याचं हसू यायचं. “बाबा, आरती पण ओवाळून टाका,” असं मी एकदा म्हणालो होतो. ते चिडले नाहीत. चिडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

मला खरी लाज वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. कुणी उसनं नेलेलं डिझेल परत आणलं की वडील त्याच्या देखत ते गाळायला बसत. आमच्याकडे वाटीभर साखर परत आली तरी कुणी निवडून बघत नाही. तपासणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. चुलतभाऊ एकदा यावरून तोंड पाडून गेला होता. वडील एवढंच म्हणाले, “मी त्याले नाही तपासून राह्यलो बाबू, पाण्याले तपासून राह्यलो.”

वडील श्रावणात गेले. झोपेतच. त्यानंतर त्या गाडीकडे बघवत नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही. सोयाबीनच्या हंगामात चुलतभावाच्या मळणीयंत्राचं डिझेल ऐन वेळी संपलं, तेव्हा मीच टाकीतून नळीनं एक कॅन काढून दिला. पंधरा दिवसांनी त्यानं तो भरून परत आणला. त्याच्या शेतातल्या ड्रममधून भरला होता आणि तो ड्रम सगळा पावसाळा उघड्यावर उभा होता, हे मला माहीत होतं. तरी मी कॅन त्याच्यासमोर सरळ टाकीत रिकामा केला. बाप गेल्यावर पोरगा समजूतदार झाला, असं त्याला वाटावं म्हणून. चहा पिऊन तो खुशीत गेला.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी आसेगावहून फोन आला. मावशीनं दोन दिवसांपासून अन्न सोडलं होतं आणि एकसारखी आईचं नाव घेत होती. मी आईला उचलून गाडीतल्या खाटेवर ठेवलं, पट्टा बांधला. वार शनिवार नव्हता, तरी आई म्हणाली, “बाटली नाही दाखवली तू.”

“आई, उशीर होऊन राह्यला ना! कायले पाह्यजे बाटली आता?”

असं मी तिच्यावर खेकसलो.

गाडी एका झटक्यात सुरू झाली, म्हणून मला बरं वाटलं. अर्ध्या रस्त्यात तिनं दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि दोन्ही बाजूंना तूर उभी असलेल्या जागी बंद पडली. मी फिल्टरखालचा नळ उघडला. हातावर पाणी आलं. स्वच्छ, थंड पाणी, आणि बराच वेळ येतच राहिलं.

तेव्हाच दुसरं वाहन बोलावलं असतं तर? पण मी फिटरचा मुलगा ना! फिल्टर रिकामा केला, त्याच्यावरचा छोटा हातपंप मारून नळीत अडकलेली एअर काढली, सेल्फ मारला. पुन्हा एअर, पुन्हा सेल्फ. पाणी पंपाच्या पुढे, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत गेलं होतं, हे मला कळत होतं आणि मी मान्य करत नव्हतो. शेवटी बॅटरी बसली. मग एका पिकअपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बाजार समितीत माल उतरवून येतो.

बारा वाजता मावशीच्या मुलाचा फोन आला. मी गाडीपासून लांब जाऊन, हळू आवाजात बोललो. परत आलो तेव्हा आई छताकडे बघत होती. मी पुन्हा हातपंप मारायला लागलो, दुसरं काय करावं ते सुचेना.

“बाबू,” ती आतून म्हणाली, “राहू दे आता. घाई नाही.”

मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. बापासाठी रडलो नव्हतो इतका.

पिकअपच्या हौद्यात गादी टाकून आईला नेलं. मावशीच्या घरच्यांनी तिला न्यायच्या आधी दिवस कलेपर्यंत आमची वाट पाहिली होती. आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. आईला बहिणीच्या रिकाम्या खाटेवर हात ठेवायचा होता, मी तिचा हात उचलून ठेवला. गाडी जुनी होती, असं तिनंच सगळ्यांना सांगितलं. चुलतभावाला मी आजवर काही बोललेलो नाही. दोष कॅनचा नव्हता, कॅन न गाळणाऱ्याचा होता.

गाडी दुरुस्त करून आणली आहे. टाकी काठोकाठ भरलेली असते. दर शनिवारी नळ उघडतो, बाटली घेऊन आईकडे जातो, खिडकीच्या उजेडात धरतो. ती बघते, म्हणते, “साफ हाय.”

गेल्या शनिवारी मी विचारलं, “आई, कुठी जायचं काय? मेडशीले जाऊ, तुह्या माहेरी.”

तिनं बाटलीवरची नजर काढली नाही.

“तिथी आता कोण हाय बाबू?” ती म्हणाली. “तू आपली बाटली दाखवत जा.”