उलटी रेघ
सरकीचा तेलकट वास आला की मला दिग्रसच्या जिनिंगचं ऑफिस आठवतं. काट्याचा प्रोग्राम विंडोजचा होता, पण वजनाच्या फायली मी युनिक्ससारख्या शेलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, हलवायची. विंडोजला फाइलच्या पत्त्यात उलटी तिरपी रेघ लागते, शेल तीच रेघ गिळून टाकतं आणि मग फाइल सापडत नाही. आम्ही ऑपरेटर तिला नुसतं 'उलटी' म्हणायचो. त्या दुपारी काटा अडला, कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबल्या. "काय झालं वं?" मॅनेजर खेकसला. "साहेब, उलटीनं होऊन राह्यलं," मी घाईत बोलून गेले. त्यानं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "पाहा रे, लग्नाआधीच उलट्या होऊन राह्यल्या हिले!" हमाल हसले, गाडीवाले हसले. मी रेघ सरळ केली, काटा चालू झाला. पण रांगेत आमच्या बंजारा तांड्याचीही एक गाडी होती. संध्याकाळी घरी पोचले तर याडीनं, माझ्या आईनं, चूल पेटवली नव्हती. "कोणाचं?" एवढंच तिनं विचारलं. मी ती रेघ जमिनीवर काढून दाखवली, तिनं ती पायानं पुसली. महिन्याभरात माझं लग्न उरकलं, ऑफिस सुटलं. आता माझी मुलगी कॉम्प्युटर शिकते. त्या रेघेचं तिला मी इंग्रजी नावच शिकवलं.