हिरव्या बांगड्या

मैलापूरच्या देवळाजवळ बांगड्यांच्या दुकानात काचेची किणकिण ऐकली की आजही माझी मान खाली जाते.

चेन्नईच्या वेलचेरीत आम्ही नवे होतो. माझ्या हृदयाभोवतीचं आवरण घट्ट झालं होतं, त्यामुळे पोटात पाणी साचायचं. ऑपरेशन करून ते आवरण काढायचं ठरलं होतं, पण आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या कमलाअक्का तंजावरच्या मराठी. माझं पोट बघून त्या एका दुपारी डोहाळजेवणाला आणावा तसा मोगऱ्याचा गजरा आणि हिरव्या बांगड्या घेऊन आल्या.

"लाजतेस काय गे, हात दे."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आजवर असं कुणी माझ्यासाठी आलं नव्हतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोच त्यांचा हात माझ्या पोटावर अलगद टेकला. मी मनगट पुढे केलं.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा पोट उतरलं होतं. अक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी पोटाकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या हातांकडे, आणि मला जवळ घेऊन हुंदके देऊ लागल्या. पदराखाली छातीवरचे टाके ठणकत होते.

मी त्यांना रडू दिलं.