चांगुणाबाईंच्या डब्यातला उजेड

आमच्या घरात कुठलीही वस्तू तिरकी राहत नाही. दारातल्या चपला, ओट्यावरची बरणी, कपाटातल्या साड्या, सगळं कडेला कड लावून. मी भाकऱ्या टोपलीत टाकल्या की त्यांच्यासुद्धा कडा सासूबाई जुळवून ठेवतात. लग्न होऊन मी अंबरनाथ पश्चिमेच्या या दोन खोल्यांत आले, तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, हा आपल्याला टोमणा आहे. मनातल्या मनात मी खूप भांडलेसुद्धा. मग कळलं, टोमणा वगैरे काही नाही. चांगुणाबाई साळवे, म्हणजे आमच्या आई, एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात उभं आयुष्य पॅकिंगला होत्या. गोळ्यांची खोकी मोठ्या बॉक्समध्ये अशी बसवायची की मध्ये करंगळीसुद्धा जाता कामा नये, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, पण हातांना ते कोणी सांगितलंच नाही.

त्या हातांना रिटायर झाल्यावर एक खेळ सापडला. माझा नवरा महेंद्र शाळेत असताना आईंनी बोनसच्या पैशांतून उल्हासनगरच्या बाजारातून त्याच्यासाठी एक व्हिडिओ गेम आणला होता. हातात धरायचा, राखाडी, विटेएवढा जाड. नाव त्याचं गेमबॉय, पण आई त्याला डबा म्हणतात. महेंद्रला मिशा फुटल्या, डबा कपाटात गेला, आणि पुढे एका साफसफाईत आईंच्या हाती लागला. त्यात वरून विटांचे वेडेवाकडे तुकडे पडतात. ते फिरवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ गच्च भरली की ती नाहीशी होते. फट राहिली की ढीग चढत जातो आणि खेळ संपतो. आईंनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं पॅकिंग!" तेव्हापासून महेंद्र त्यांच्यापुढे एकदाही जिंकलेला नाही. मी तर त्या वाटेला जात नाही.

त्यांच्या तोडीची बाई एकच. बदलापूरजवळच्या खरवईच्या कमळाबाई म्हात्रे. कारखान्यात दोघींचं टेबल एक, समोरासमोर. कमळाबाईंच्या घरच्या शेतावर आता बिल्डिंगा उभ्या आहेत, मुलगा जयदेव रेती-सिमेंटचा धंदा करतो, पण बाईंना अजून कोणी विचारलं तर त्या सांगतात, "मी पॅकिंगची." दर रविवारी दुपारी जयदेव त्यांना मोटरसायकलवरून आमच्याकडे सोडायचा. पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर सुकट. मग दोघी उजेडासाठी उंबऱ्यात बसायच्या आणि आलटून पालटून डबा खेळायच्या. जिच्या ओळी जास्त, ती जिंकली. हसणं, भांडणं, कारखान्यातल्या मेलेल्या-जिवंत सगळ्या सुपरवायझरांचा उद्धार. शेजारचे म्हणायचे, टीव्हीची गरजच नाही.

आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात कमळाबाई यायच्या थांबल्या. जयदेवकडून निरोप आला की डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, डॉक्टर म्हणतात इतक्यात ऑपरेशन नको, आणि डब्यातलं काही दिसत नाही. ते खरंच होतं. त्या डब्याच्या पडद्यामागे दिवा नाही. हिरवट पाटीवर राखाडी विटा, त्याही बाहेरचा उजेड पडला तर दिसणार. चांगल्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा मान वाकडी करून बघावं लागायचं.

आईंनी पहिला रविवार चपला लावण्यात काढला. दुसऱ्या रविवारी आमचं अख्खं कपाट रिकामं करून परत भरलं. तिसऱ्या रविवारी काहीच केलं नाही, नुसत्या उंबऱ्यात बसून राहिल्या, आणि मला भरून आलं. या बाईला बहीण नाही, नवरा लवकर गेला, कारखान्यातल्या बाकीच्या बाया कुठे कुठे पांगल्या. कमळाबाईही दुरावल्या तर त्यांना अगं-तुगं करणारं माणूसच उरणार नव्हतं.

संध्याकाळी माझ्यासमोर डबा ठेवून त्या म्हणाल्या, "प्रीती, तू लोकांच्या मोबाइलचे पडदे बदलतेस ना? मग माझ्या डब्यात उजेड का नाही पाडत?"

हो, मी मोबाइल दुरुस्त करते. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलंय आणि उल्हासनगरला टेकचंदशेठच्या दुकानात बसते. गिऱ्हाईक येऊन "भैया कहाँ है?" विचारतं तेव्हा "भैया मैं ही हूँ" असं सांगायची मला आता सवय झाली आहे. शेठना मी डबा दाखवला, तर ते हसले. मला ते अदी म्हणतात, सिंधीत ताई.

"अदी, नया ले लो ना. कलरवाला आता है अभी."

"शेठ, सास को यही चाहिए."

"सास का काम है? फिर तो करना पड़ेगा." त्यांनी भंगाराच्या खोक्यातून एक मेलेला चायना मोबाइल काढून माझ्या हातात ठेवला. हे मोबाइल टिकायचे नाहीत, पण त्यांचे पडदे ऐसपैस असायचे, आणि पडद्यामागची दिव्याची पट्टी मला हवी तेवढीच होती.

सुट्टीच्या दिवशी मी खरवईला गेले. म्हटलं, कमळामावशींना सांगून येऊ, रविवारी या, डबा उजळणार आहे. त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी नाय येनार, पोरी."

"अहो पण मावशी, आता दिसेल तुम्हाला."

"डोल्यांचा कारन खोटा नाय. पन खरा कारन दुसरा हाय." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुजी सासू मना मुद्दाम जिंकवते. माजा ढीग वर चढला का ती पन आपला ढीग चढवते. मंग म्हनते, 'वा कमळे, जिंकलीस!' आनि आला टाकून चाय आनते. मना काय कलत नाय? डोले गेले, अक्कल हाय अजून."

आईंचं ते आलं टाकलेलं कौतुक मीही बघितलं होतं.

"कारखान्यान एकदा मी तिच्याआदी माजा बॉक्स भरला," मावशी म्हणाल्या, "तर माज्याकडं पाठ करून जेवली गो ती! बोलली पन नाय. चाय इचारली नाय. ती खरी चांगुना. ही कीव करनारी कोन हाय, मना ठावूक नाय." शेवटी माझ्या भरीला पडून त्या एवढंच कबूल झाल्या, की एकदा येईन, पण तसंच झालं तर परत उंबरा चढणार नाही.

घरी येऊन मी आईंना सांगितलं, "आई, रविवारी खरं खेळा."

"म्हणजे? मी कधी खोटं खेळले?"

"मावशींना कळतं हो."

"काय कळतं तिला? काही नाही कळत," आई म्हणाल्या, आणि उगाच चमच्यांचा डबा उघडून चमचे एका दिशेला लावू लागल्या. पकडल्या गेल्या की त्या हेच करतात.

रविवारी सकाळी मी खोलीतलं टेबल खिडकीशी ओढलं. डब्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे, आपल्याकडच्या कुठल्याच स्क्रू ड्रायव्हरला दाद न देणारे. त्यासाठी मी एक जुना ड्रायव्हर घासून आणला होता. डबा उघडला, पडद्याची काच उचलली. तिच्या पाठीला चिकटलेला चंदेरी कागद ब्लेडने सोलायचा, हे सगळ्यात नाजूक काम. ब्लेड जरा खोल गेलं की काच तडकली, आणि काच तडकली की डबा कायमचा गेला. आई माझ्या मागे उभ्या राहून श्वाससुद्धा माझ्याबरोबर घेत होत्या. कागद निघाला, डिंक थिनरने पुसला. मग चायना मोबाइलची दिव्याची पट्टी मागे बसवली, तिच्या दोन तारा सोल्डर केल्या.

आता राहिली फक्त एक काळपट पारदर्शक फिल्म. काचेमागे ती लावली नाही तर नुसता उजेड दिसतो, विटा दिसत नाहीत. आणि ती एका दिशेने लावली तर पडदा उजळ, विटा काळ्या. पाव फेरा फिरवून लावली तर सगळं उलटं. मी ती चारी बाजूंनी सारखी चौकोनी कापली, डोळ्यांसमोर धरून दिशा पक्की केली आणि तशीच, जरा तिरकी, टेबलावर ठेवली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद करून आले, फिल्म उचलली, चिकटवली, डबा बंद केला, बटण दाबलं.

पडदा काळाकुट्ट आणि त्यात विटा पांढऱ्याशुभ्र, दिव्यासारख्या पेटलेल्या.

"आई," मी विचारलं, "टेबलावरच्या कशाला हात लावलात?"

"कशालाच नाही. जरा नीट लावून ठेवलं फक्त. किती पसारा करतेस!"

स्क्रू एका रांगेत, ब्लेड त्यांना समांतर, कापूस कोपऱ्यात. आणि माझी फिल्म त्यांनी पॅकिंगच्या शिस्तीत पाव फेरा फिरवून सरळ ठेवली होती. मी कपाळाला हात लावला. परत उघडून सोलायला घेणार, इतक्यात खाली जयदेवच्या गाडीचा हॉर्न वाजला.

कमळाबाई जिना चढून आल्या त्या ताठ मानेने, पाहुण्यांसारख्या. पिशवी आणली नव्हती. मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, थोडं उलटं झालंय, मी सरळ करून देते." त्यांनी डबा हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"दिसतंय गो! पांढऱ्या पडद्यावर माजे डोले दिपतात, या काल्यावर सगला दिसतंय. हात नको लावू त्याला."

झालं. उलटा पडदा कायम झाला. कमळाबाई खेळायला बसल्या आणि अशा खेळल्या, की मी त्यांना आधी तसं खेळताना बघितलंच नव्हतं. मध्येच लोडशेडिंगने लाइट गेली, पंखा थांबला, आणि दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही. मग आईंची पाळी आली.

आईंचे डोळे इतकी वर्षं काळी वीट आणि उजळ फट बघत आलेले. आता उजळ ती वीट आणि काळी ती फट. त्यांचा हात विटेऐवजी फटीलाच फिरवायला बघायचा. दोन ओळी बसल्या, तिसरीत भोक पडलं, भोकावर भोक, आणि ढीग वर जाऊन टेकला. आई हरल्या. साफ हरल्या.

कमळाबाईंनी डबा हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला. त्या माझ्याकडे बघत होत्या. काय सांगणार? फिल्मची गोष्ट सांगितली असती तरी या घडीला ती थापच वाटली असती. त्या पदर सावरून उठायला लागल्या.

"कुठे निघालीस?" आईंचा आवाज चिरकला. "बस खाली. परत लाव. ही बटणंच नीट चालत नाहीत."

परत खेळल्या. परत हरल्या. या वेळी आईंनी बटणांना दोष दिला नाही. गाल फुगले, कान लाल झाले. डबा दोन्ही हातांत घट्ट धरून त्या जागच्या जागी फिरल्या आणि कमळाबाईंकडे चक्क पाठ करून बसल्या.

मावशी त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आधी बारीक, मग पदर तोंडात कोंबण्याइतकं. "पाठ केली गो! प्रीती, बघ, पाठ केली माज्याकडं!" त्या परत बसल्या, चांगली मांडी घालून. "दे इकरं तो डबा, चांगुने. माजी पाली हाय."

"नाही देत," पाठ म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मला एवढं रडू यायचं कारण नव्हतं, पण आलं.

अंधार पडायच्या आत जयदेव घ्यायला आला. मावशी जिन्यावरूनच ओरडल्या, "जयदेव, आज हिनी मना चाय पन नाय पाजली!" जयदेव बिचारा ओशाळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय माहीत, त्याची आई इतकी खूश का होती.

त्यांना खाली सोडून मी वर आले तर आई अजून तशाच बसलेल्या, डबा नाकापाशी. दारातल्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"आई, सरळ करून देऊ का पडदा? तुम्हाला सवयीचा होईल."

"खबरदार हात लावलास तर," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी कमळी येणार आहे. याच पडद्यावर हरवते की नाही, बघ तिला."