खालच्या आजी

साऱ्या इंग्लंडात त्या काळी एकच माणूस वेळेवर उठत असे, आणि ते म्हणजे आमच्या खालच्या आजी. बाकीचा देश त्यांच्या मते दुपारी उठायचा. दुपार म्हणजे सकाळचे सात. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नवरा पुण्याहून एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी बर्मिंगहॅमला आला होता आणि त्याच्यामागून मी. एका नर्सबाईंच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली त्या आणि त्यांची ऐंशीला टेकलेली आई राहायची. आई मूळची कॅनडातल्या प्रेअरीवरची, म्हणजे जिथे गव्हाशिवाय काही उगवत नाही आणि आभाळाशिवाय काही दिसत नाही अशा सपाट मुलखातली. तिथे त्यांनी पन्नास वर्षं शेत सांभाळलं, पाच मुलं वाढवली, आणि नवरा गेल्यावर शेत थोरल्या मुलाच्या हाती सोपवून त्या लेकीकडे आल्या. "आता थोडी विश्रांती घे गं," असं लेक सारखी म्हणायची. विश्रांती हे एखाद्या दुखण्याचं नाव असावं, तशा चेहऱ्याने आजी ते ऐकून घ्यायच्या.

आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागची हिरवळ खणून काढली. नर्सबाई ड्यूटीवरून परतल्या तेव्हा दोन खुर्च्या, एक छत्री आणि काळीभोर ढेकळं एवढंच अंगणात उरलं होतं. "आई, माझं लॉन!" म्हणून त्या किंचाळल्या, तर आजी फावड्याला टेकून शांतपणे म्हणाल्या, "खायचं कोण होतं ते? तुझ्याकडे गाय आहे का?" तिथे बटाटे लागले, आणि ते इतके आले की आमच्या गल्लीतला प्रत्येक जण आजींना चुकवून घरी जायला लागला. ऐन जानेवारीत, मी तीन स्वेटर चढवून हीटरला चिकटलेली असताना, आजी बाहेर दोरीवर चादरी वाळत घालत आणि खालून हाक मारत, "काय सुरेख दिवस पडलाय बघ!" तिकडे प्रेअरीवर उणे चाळीस अंशांत गोठ्यापर्यंत जाताना त्यांच्या पापण्या एकमेकींना चिकटत असत, त्यामुळे बर्मिंगहॅमचा हिवाळा त्यांना वसंत ऋतूच वाटे. या शहरातली त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे घरं. घरं मध्ये येतात आणि आभाळ दिसत नाही. मग दर गुरुवारी डोक्यावर टोपी घालून त्या बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसत, शेवटच्या स्टॉपपर्यंत जात आणि त्याच बसने परत येत. कुठे गेला होतात असं विचारलं की म्हणत, "आभाळ बघून आले. पश्चिमेकडे पाऊस आहे. कपडे आत घे." आणि पाऊस यायचा.

सप्टेंबर लागला की मात्र त्यांचं काही खरं नसे. तिकडे सुगीचे दिवस असत. सुगीत त्यांनी आयुष्यभर अठरा गड्यांचा स्वयंपाक करून तो शेतावर नेलेला. आता घरात त्या आणि लेक, वर आम्ही दोघं, पण हात अठरापेक्षा कमी करायला तयारच होत नसे. आमच्या पहिल्या सप्टेंबरात घरासमोरचा रस्ता कसल्याशा पाइपासाठी खणायला घेतला होता. आजींनी खिडकीतून पिवळी जाकिटं घातलेले सहा पुरुष उन्हात राबताना पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाराच्या ठोक्याला त्या भाजलेलं मांस, बटाटे, दोन ॲपल पाय आणि बादलीभर चहा घेऊन खड्ड्याच्या काठावर हजर. वर, "आधी हात धुवा," असा दम. दोन दिवसांचं ते काम आठ दिवस चाललं. जाताना मुकादम टोपी काढून म्हणाला, "मॅडम, पलीकडच्या रस्त्यालाही तुमची कुणी नातेवाईक आहे का हो?"

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. आई पुण्याहून यायची होती, तिकीट काढलेलं होतं, आणि निघायच्या दोन आठवडे आधी ती बाथरूममध्ये पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं. फोन ठेवून मी जिन्यातच बसून रडले. आजी वर आल्या. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाळंतिणीला तुमच्याकडे काय खायला घालतात?"

इथे एक अडचण होती. मी शाकाहारी आहे हे त्यांना पटलं होतं, पण समजलं नव्हतं. "कोंबडी चालेल ना? ती फक्त धान्यच खाते," असं त्यांनी मला अगदी मनापासून दोनदा विचारलं होतं. शेवटी त्यांनी थेट माझ्या आईलाच फोन लावायला सांगितलं. एका बाजूला प्लॅस्टरमध्ये अडकलेली, मोडकं इंग्रजी बोलणारी निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या बाजूला वही-पेन्सिल घेऊन बसलेल्या आजी. अर्धा तास अळिवाच्या लाडवांवर खल झाला. गूळ किती, खोबरं किती, असं आजी विचारत आणि आई प्रत्येक वेळी म्हणे, "अंदाजे." शनिवारी नवरा पार लंडनला, वेम्बलीच्या भारतीय दुकानांत जाऊन सगळं सामान घेऊन आला. आजींनी वहीत बघून एकेक वस्तू तपासली आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "अंदाजे आणायचं विसरलास. दोन ठिकाणी लागतंय ते."

मुलगी फेब्रुवारीत झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो, आणि घरी आल्यापासून ती नीट दूध ओढेना. पाचव्या दिवशी मिडवाइफ, म्हणजे तिथली सुईण, घरी आली, तिने वजन केलं आणि तिचा चेहरा उतरला. दोन दिवसांत वजन वाढलं नाही तर परत हॉस्पिटल, असं सांगून ती गेली. ती जाताच आजी लाडू आणि चहा घेऊन वर आल्या.

"आधी हे खा. घाबरलेली गाय दूध सोडत नाही."

आपल्याकडे गाय म्हणणं हा मानच, त्यामुळे मला रागावताही येईना. मी खाल्लं. मग त्यांनी माझ्या कोपराखाली उशी सरकवली आणि पाठ सरळ करायला लावली. "तू पोरीकडे वाकू नकोस. पोरीला तुझ्याकडे आण." पोर पुन्हा पुन्हा तोंड फिरवी, रडे, आणि मी म्हणे, "आजी, मला नाही हो जमत." त्या म्हणत, "आत्ता नाही जमलं. पुन्हा." असं त्यांनी त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेल! दुपारी केव्हातरी ते जमलं. पोर घटाघटा गिळताना ऐकू येऊ लागली. उठून आजींनी माझे केस धुतले, जसे आईने धुतले असते.

सातव्या दिवशी वजन वाढलं. मिडवाइफ हसली, नवऱ्याने पेढे म्हणून दुकानातली चॉकलेटं वाटली. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. आठव्या दिवशी त्या चार वेळा वर येऊन बाळाच्या छातीवर हात ठेवून गेल्या. नवव्या दिवशी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळण्याशेजारची खुर्ची सोडली नाही. पन्नास वर्षं दुपारी न टेकलेली बाई दिवसभर हातात विणकामसुद्धा न घेता बसलेली पाहून मला चमत्कारिक वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी खालून काहीच आवाज येईना. भांडं नाही, नळ नाही. आठ वाजले. मी कशीबशी जिना उतरले. नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे तिला. आमच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. बर्फाने रस्ता बंद होता, डॉक्टर पोचलाच नाही. बाबा म्हणाले, आज तू उठू नकोस. तर म्हणाली, गाईंना काय सांगायचं? आणि दूध काढायला गेली."

आजी साडेनऊला उठल्या. चोरी पकडली गेल्यासारख्या ओशाळल्या होत्या. "प्यायली का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी घाईघाईने एप्रन बांधला.

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात कॅनडाहून थोरल्या मुलाचा फोन आला. त्याचे गुडघे गेले होते, त्याची मुलं शहरात नोकरीला, एक मोठा शेतकरी जमीन घ्यायला तयार होता. त्याने सही केली होती. आजी दुपारभर बटाट्यांत खुरपत होत्या. मी मुलीला घेऊन खाली गेले.

"त्याचं बरोबर आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी असते तरी विकलंच असतं." मग खुरपं मातीत रोवून, "पण मला विचारायला हवं होतं त्याने."

त्यांच्या डॉक्टरने या वयात प्रवासाला साफ मनाई केली. आजी त्याला म्हणाल्या, "शेवटची सुगी आहे. त्या गड्यांना जेवायला तू घालणार आहेस का?" आणि ऑगस्टअखेर लेकीला बरोबर घेऊन त्या गेल्या.

पाच आठवड्यांनी नर्सबाई एकट्याच परत आल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या आईने रोज गड्यांचा स्वयंपाक केला. शेवटच्या दिवशी गव्हाचा एक पट्टा कापायचा राहिला होता. तेव्हा मुलगा तिला म्हणाला, "आई, चल." आजवर कापणीच्या यंत्रावर ती कधी चढली नव्हती, यंत्रावरच्या माणसांना डबे देऊन खालूनच परत फिरायची. दोघांनी धरून तिला वर बसवलं. मुलाने कसं चालवायचं ते दाखवलं आणि बाजूला उभा राहिला. तिने तो पट्टा शेवटपर्यंत कापला, सापासारखा वाकडा. मध्ये राहिलेला गहू कापायला एक गडी दुसरं यंत्र घेऊन निघाला, तर मुलाने त्याला हात करून थांबवलं. "राहू दे. तो आईचा आहे."

आजी परत आल्याच नाहीत. तिथेच जवळच्या गावात मुलाकडे राहिल्या आणि त्याच हिवाळ्यात गेल्या. तिकडे जमीन गोठलेली असल्याने दफनासाठी वसंतापर्यंत थांबावं लागलं. आमच्या व्हिसाचं काम अडकलेलं होतं, मला जाता आलं नाही.

माझ्या मुलीला त्यांचं काहीही आठवत नाही. मी सांगते तेव्हा ती एखादी गोष्ट ऐकावी तशी ऐकते आणि खेळायला पळते. मला मात्र ते पहिले दिवस आठवत राहतात. रोज सकाळी आजी ताट घेऊन वर यायच्या आणि माझं खाऊन होईपर्यंत दाराशी उभ्या राहायच्या. दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिल्यांदा विचारतात ते मी त्यांना एकदाही विचारलं नाही, की आजी, तुम्ही जेवलात का?